स्ट्रोक आधी, रॉड शेवटी



मागच्या भागात आपण बोअर आणि रिंगांबद्दल बोललो. त्यानंतर बरेच प्रश्न आले. त्यातला एक प्रश्न माझ्या घरातूनच आला, आणि तो असा आहे की त्याचं उत्तर चुकलं तर नुसते पैसे जात नाहीत, हाडंही मोडतात. म्हणून आजचा भाग त्याच्यासाठी.

माझा पुतण्या हैदराबादला नोकरी करतो. त्याच्याकडे त्याच्या वडिलांची, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, जुनी साडेतीनशेची बुलेट आहे. बिग एंडचा आवाज यायला लागला म्हणून त्याने इंजिन उघडलं. उघडल्यावर दहा लोकांनी दहा सल्ले दिले. मग त्याचा मला बडोद्याला फोन आला.

"काका, इंजिन उघडलंच आहे तर स्ट्रोक वाढवून घेतो म्हणतोय. एक जण म्हणतो लांब रॉड टाक, दुसरा म्हणतो छोटा टाक. रॉड केवढा घेऊ?"

मी विचारलं, "बाबांना विचारलंस का?"

"विचारलं. ते हसले आणि म्हणाले, स्ट्रोकचं तुझ्या काकालाच विचार."

भाऊ का हसला ते थोड्या वेळाने सांगतो. आधी प्रश्न सरळ करून घेऊ, कारण तो उलटा विचारलेला आहे. घर बांधताना जिना किती पायऱ्यांचा, हे कोणी आधी ठरवत नाही. मजल्याची उंची ठरते, मग पायऱ्या निघतात. इंजिनातही आधी काम ठरतं, मग फेरे, मग स्ट्रोक, मग पिस्टन. हे सगळं ठरल्यावर जी जागा उरते, तेवढा कनेक्टिंग रॉड.

स्ट्रोक काय देतो, काय देत नाही

पिस्टन वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत जेवढा प्रवास करतो तो स्ट्रोक. क्रँकपिन क्रँकच्या मध्यापासून जेवढी लांब, त्याच्या बरोबर दुप्पट. जुन्या बुलेटचा बोअर ७० मि.मी. आणि स्ट्रोक ९० मि.मी. बोअरचा वर्ग करा, ०.७८५४ ने गुणा, स्ट्रोकने गुणा. ३४६ सीसी येतात. पाचशेच्या बुलेटलाही स्ट्रोक तोच, ९०. तिथे फक्त बोअर ८४ केला आणि ४९९ सीसी झाले. म्हणजे सीसी वाढवायचे दोन रस्ते आहेत आणि कारखान्याने त्या वेळी बोअरचा रस्ता धरला होता.

आता एक गैरसमज काढून टाकू. बहुतेकांना वाटतं, लांब स्ट्रोक म्हणजे लांब पाना. लांब पान्याने घट्ट नट सुटतो, तसा लांब स्ट्रोकने टॉर्क वाढतो. अर्धं खरं आहे. सीसी तेवढेच ठेवून स्ट्रोक लांब केला तर बोअर बारीक करावा लागतो. पिस्टनचा माथा लहान होतो, त्याच्यावर पडणारा एकूण जोर कमी होतो. पाना लांब झाला पण ओढणारा हात तेवढाच अशक्त झाला. गुणाकार जिथल्या तिथे. टॉर्क येतो तो इंजिन एका वेळी किती हवा गिळतं आणि ती किती चांगली जाळतं यातून.

उदाहरण त्याच घराण्यातलं घ्या. ७० बाय ९० चं क्लासिक ३५० कंपनीच्या आकड्यांप्रमाणे ४००० फेऱ्यांना २८ न्यूटन-मीटर टॉर्क देत होतं. नंतर नवीन इंजिन आलं, ७२ बाय ८५.८. स्ट्रोक चार मि.मी.पेक्षा जास्त घटला, सीसी ३४९ झाले, आणि टॉर्क त्याच ४००० फेऱ्यांना २७. जवळपास तेवढाच.

मग स्ट्रोक वाढवायचा तरी कशाला? कारण हातातल्या ब्लॉकचा बोअर एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. सिलिंडरची भिंत पातळ होते, चार सिलिंडरच्या इंजिनात दोन बोअरमधली जागा संपते. अशा वेळी सीसी वाढवायला स्ट्रोकच उरतो. पण तो फुकट मिळत नाही.

स्ट्रोकची किंमत फेऱ्यांत द्यावी लागते

एक हिशोब पाठ करून ठेवा. स्ट्रोक मीटरमध्ये घ्या, दोनने गुणा, मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा, ६० ने भागा. हा पिस्टनचा सरासरी वेग, मीटर प्रति सेकंद.

बुलेटचा ९० मि.मी. स्ट्रोक, ५२५० फेरे. उत्तर १५.७५ येतं. लष्कराच्या जुन्या जीपचं, म्हणजे विलीज जीपचं इंजिन घ्या. स्वातंत्र्यानंतर ही जीप महिंद्रांनी मुंबईत जुळवायला सुरुवात केली. स्ट्रोक ४ आणि ३/८ इंच, म्हणजे १११ मि.मी., पूर्ण ताकद ४००० फेऱ्यांना. वेग १४.८. आणि अलीकडचं हिमालयन ४५२ घ्या, स्ट्रोक ८१.५, ताकद ८००० फेऱ्यांना. वेग २१.७.

माझा आडाखा असा आहे. जुन्या पद्धतीचा ओतीव पिस्टन आणि साधा रॉड असलेलं इंजिन १६ ते १८ च्या आत ठेवावं. २० च्या पुढे जायचं तर पिस्टन, रॉड, बोल्ट, तेलाचा पंप हे सगळं त्या तोडीचं लागतं. कारखाना ते करतो कारण तो सगळंच नव्याने आखतो. आपण जुन्या घरात नवीन मजला चढवत असतो.

पुतण्याला ९० चा ९६ करायचा होता. सीसी ३४६ चे ३६९ होतात, तेवीस सीसी जास्त. पण ५२५० फेऱ्यांना वेग १६.८ वर जातो. जुनाच वेग राखायचा तर ४९०० च्या आसपास थांबावं लागेल. म्हणजे तेवीस सीसी मिळवायचे आणि वरचे साडेतीनशे फेरे सोडायचे. चढावर हळू चालणाऱ्या गाडीला हा सौदा चांगला. हायवेवर गाडी ताणणाऱ्याला तोट्याचा. म्हणून मी पुतण्याला पहिला प्रश्न विचारला, "चालवणार कुठे?" तो म्हणाला, "हैदराबाद ते बेळगाव." म्हणजे हायवे.

उंचीचा जमाखर्च

आता रॉडकडे येऊ. क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत एक ठरलेली उंची असते. तिच्यात तीन गोष्टी बसवायच्या असतात. स्ट्रोकचा अर्धा भाग, रॉडची दोन भोकांच्या मध्यांमधली लांबी, आणि गजन पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची. या तिघांची बेरीज ब्लॉकच्या उंचीत बसली पाहिजे. एक वाढलं की दुसरं घटलं पाहिजे. घरखर्चासारखंच आहे हे.

जगातले दोन मोठे कारखाने हा हिशोब कसा करतात ते पाहू.

होंडाची एस-२००० नावाची स्पोर्ट्स कार. पहिलं इंजिन १९९७ सीसीचं, स्ट्रोक ८४, रॉड १५३ मि.मी. अर्धा स्ट्रोक ४२ अधिक १५३, बेरीज १९५. पुढे २००४ च्या मॉडेलला अमेरिकेत त्यांनी सीसी २१५७ केले. बोअर तोच ८७, स्ट्रोक ९०.७. आणि रॉड? १४९.६५. अर्धा स्ट्रोक ४५.३५ अधिक १४९.६५. बेरीज पुन्हा बरोबर १९५! स्ट्रोक ६.७ ने वाढला, त्याच्या अर्ध्याने, म्हणजे ३.३५ ने, रॉड छोटा केला. आणि फेऱ्यांची लाल रेघ ९००० वरून ८००० वर आणली. स्ट्रोकची किंमत फेऱ्यांत दिली ती अशी.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या शेव्हरोलेच्या आठ सिलिंडरी इंजिनाचं. ब्लॉकची उंची ९.०२५ इंच. ३५० क्युबिक इंचाच्या इंजिनात स्ट्रोक ३.४८, त्याचा अर्धा १.७४. रॉड ५.७. पिनच्या वरची उंची १.५६. बेरीज ९.००. वर पंचवीस हजारांश इंच शिल्लक. १९७० साली त्यांनी ४०० चं इंजिन आणलं, स्ट्रोक ३.७५. पिस्टनची वरची उंची तीच १.५६ ठेवली आणि रॉड ५.५६५ केला. १.८७५ अधिक ५.५६५ अधिक १.५६. बेरीज पुन्हा ९.००.

दोन देश, दोन कारखाने, उत्तर एकच. दोघांनीही रॉड आधी निवडला नाही. स्ट्रोक ठरवला, पिस्टनची उंची ठरवली आणि उरलेल्या जागेचा रॉड केला.

अमेरिकेत हौशी लोक ३५० च्या ब्लॉकचा बोअर तीस हजारांश वाढवून त्यात ३.७५ चा स्ट्रोक घालतात. त्याचं इंजिन होतं ३८३ चं. तिथे मात्र दोन प्रकारचे रॉड वापरतात. एक ५.७ चा, त्याला १.४२५ चा पिस्टन. दुसरा ६ इंची, त्याला १.१२५ चा पिस्टन. दोन्हींची बेरीज ९.०० च. पण सहा इंची रॉड घातला की पिन इतकी वर सरकते की पिनचं भोक तेलाच्या रिंगेच्या खाचेत घुसतं आणि रिंगेला खालून आधाराची वेगळी पट्टी द्यावी लागते. लांब रॉडची किंमत ही अशी पिस्टनच्या अंगातून जाते.

मग ते लांब रॉड का घेतात? त्याचं एक खरं कारण आहे, आणि ते मला १९८८ साली कळलं असतं तर माझा भाऊ आज हसला नसता.

बेळगावची गोष्ट

तेव्हा मी कॅप्टन होतो, ई.एम.ई. मध्ये. इंजिनं उघडणं-जोडणं हे रोजचं काम, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असं वाटायचं वय. सुट्टीवर बेळगावला आलो होतो. भावाची बुलेट उघडली आणि ठरवलं, स्ट्रोक ९० चा ९६ करायचा. एका लेथवाल्याकडून टोकांपेक्षा मधला भाग ३ मि.मी. सरकलेला अशी एक्सेंट्रिक क्रँकपिन करून घेतली. रॉड जुनाच.

पिस्टन आता ३ मि.मी. जास्त वर येणार हे मला माहीत होतं. म्हणून सिलिंडरखाली ३ मि.मी. जाडीची अॅल्युमिनियमची पट्टी घातली, पुशरॉड तेवढे वाढवले. हेडला माती लावून वरचं अंतर तपासलं. सगळं शिस्तीत. मला माझंच कौतुक वाटत होतं.

पण पिस्टन वर ३ मि.मी. जास्त जातो, तसाच खालीही ३ मि.मी. जास्त येतो. खाली फ्लायव्हील असतात. सिलिंडरखाली कितीही पट्ट्या घाला, पिस्टन आणि फ्लायव्हील यांच्यातलं अंतर त्याने एका केसानेही वाढत नाही. ते फक्त स्ट्रोक आणि रॉड या दोघांवर ठरतं.

मदतीला एक वयस्कर फिटर होते. त्यांनी हाताने क्रँक फिरवून पाहिली आणि म्हणाले, "साहेब, खाली कमी वाटतंय. कागद जेमतेम जातोय." मी म्हटलं, "कागद जातोय ना? मग झालं. चालली की जागा करून घेईल." ते गप्प बसले. त्यांच्यापुढे फौजेतला साहेब बसला होता, ते बिचारे काय बोलणार?

थंड इंजिन हाताने फिरवताना कागद जातो. तेच इंजिन तापलं, पाच हजार फेऱ्यांवर गेलं, की पिस्टनचा स्कर्ट, म्हणजे त्याचा खालचा घेर, फुगतो. बेअरिंगमधला सगळा खुळखुळा खाली येतो. फ्लायव्हील कणभर लवतात. कागदाची जागा उरत नाही.

भाऊ खानापूरच्या रस्त्याला गेला. पहिले काही किलोमीटर गाडी छान पळाली, असं तो अजून सांगतो. मग रस्ता मोकळा मिळाला आणि त्याने ताणली. स्कर्ट फ्लायव्हीलला लागला, तुकडा पडला, इंजिन जाम झालं आणि मागचं चाक अडकलं. क्लच दाबायला वेळच मिळाला नाही. कॉलर बोन मोडलं. समोरून त्या क्षणी ट्रक आला नाही, म्हणून एवढ्यावर भागलं.

इंजिन उघडल्यावर त्या फिटरनी पिस्टनचा तुकडा तेलातून काढून माझ्या हातात ठेवला. एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवशी शिकलो ते एका वाक्यात सांगतो. रॉडचा हिशोब दोन्ही टोकांना करायचा.

आता शेव्हरोलेकडे परत या. खालच्या टोकाला क्रँकच्या मध्यापासून पिन किती लांब राहते? रॉडमधून अर्धा स्ट्रोक वजा करा. मूळ ३५० मध्ये ५.७ वजा १.७४, म्हणजे ३.९६ इंच. ३८३ मध्ये जुना रॉड ठेवला तर ३.८२५, पिस्टन खाली आला. सहा इंची घातला तर ४.१२५, मूळ इंजिनापेक्षाही मोकळा. लांब रॉडचा हा रोख फायदा. आणि रॉड छोटा केला तर? होंडाचं पाहा. आधी १५३ वजा ४२, म्हणजे १११. नंतर १४९.६५ वजा ४५.३५, म्हणजे १०४.३. वरचं टोक जागच्या जागी राहिलं, पण खालच्या टोकाला पूर्ण ६.७ मि.मी. चा फरक पडला. कारखान्याला क्रँकची वजनं आणि पिस्टनचा स्कर्ट त्याप्रमाणे आखता येतो. आपण बाजारातून सुटे भाग आणून जोडतो, आपल्याला ते मोजावंच लागतं.

लांब की छोटा: फरक किती?

रॉडची लांबी भागिले स्ट्रोक, या आकड्यावर लोक तासन्‌तास भांडतात. जीपचा रॉड ९ आणि ३/१६ इंच, म्हणजे हा आकडा २.१. होंडाचा पहिला १.८२, नंतरचा १.६५. शेव्हरोले ४०० चा १.४८. सगळी इंजिनं चालली. २.१ वाली जीप रणगाड्यांच्या मागे चिखलातून गेली, १.८२ वाली होंडा ९००० फेरे फिरली. त्यावरूनच कळतं की या एका आकड्यावर इंजिन ठरत नाही.

तरी फरक किती पडतो ते आकड्यांत पाहू. स्ट्रोक ९० आणि हिशोबापुरता रॉड १८० मि.मी. धरू. पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून ४०० ग्रॅम धरू. ५२५० फेऱ्यांना वरच्या टोकावर पिस्टनला थांबवून परत खेचायला रॉडवर सुमारे ६९३ किलोचा ओढा येतो. सातशे किलो, मंडळी, चारशे ग्रॅमच्या वस्तूचा.

रॉड २० मि.मी. ने छोटा केला, १६० चा. ओढा ७११. अडीच टक्के वाढ.

रॉड तोच ठेवून स्ट्रोक ९६ केला. ओढा ७४९. आठ टक्के.

दोन्ही तेच ठेवले आणि फक्त फेरे दहा टक्के वाढवले. ओढा ८३९. एकवीस टक्के.

आता सांगा, भांडायचं कशावर? रॉडच्या वीस मि.मी. पेक्षा तुमच्या उजव्या मनगटाने जास्त फरक पडतो.

पिस्टनच्या चालीतही तसंच. क्रँक वरून पाव फेरा फिरते तेव्हा पिस्टन निम्म्यापेक्षा जास्त खाली आलेला असतो, कारण रॉड तिरका होतो. १८० च्या रॉडला तो ५०.७ मि.मी. आलेला असतो, १६० च्या रॉडला ५१.५. पाऊण मि.मी. चा फरक. लांब रॉडने पिस्टन वर जास्त वेळ रेंगाळतो म्हणतात ते खरं आहे, पण ते रेंगाळणं एवढंच.

एका बाबतीत मात्र फरक जाणवतो. रॉड जेवढा तिरका, तेवढा तो पिस्टनला सिलिंडरच्या भिंतीवर दाबतो. १८० च्या रॉडचा तिरकेपणा साडेचौदा अंशांपर्यंत जातो, १६० च्या रॉडचा सव्वासोळापर्यंत. भिंतीवरचा दाब तेराएक टक्क्यांनी वाढतो. वर्षानुवर्षं चालणाऱ्या गाडीत ही झीज मोजण्यासारखी असते. म्हणून जागा असेल, पिस्टनचं अंग कापावं लागणार नसेल, तर लांब रॉड घ्यावा. पण त्याच्यासाठी पिस्टनचा माथा पातळ करू नये आणि रिंगा एकमेकींना चिकटवू नयेत.

पैसे देण्याआधी वहीत लिहा

आमच्याकडे नियम होता, जे लिहिलं नाही ते मोजलं नाही. तेव्हा एक पान घ्या.

पहिल्या ओळीत गाडीचं काम आणि जास्तीत जास्त फेरे. दुसरीत स्ट्रोक आणि पिस्टनचा सरासरी वेग. तिसरीत उंचीची बेरीज: अर्धा स्ट्रोक, रॉड, पिनच्या वरची उंची, आणि ब्लॉकची प्रत्यक्ष मोजलेली उंची. पुस्तकातली नाही, तुमच्या ब्लॉकची. हेड बसवायची बाजू आधी कोणी घासली असेल तर ती कमी झालेली असते.

चौथी ओळ दाबाच्या प्रमाणाची. स्ट्रोक वाढला की हेडमधली जागा तेवढीच राहून वरचे सीसी वाढतात. ३४६ सीसी आणि ८.५ चं प्रमाण धरलं तर वरची जागा ४६ सीसीच्या थोडी वर. ३६९ सीसी झाले की प्रमाण ९ वर जातं. पेट्रोल आणि टायमिंग त्याला झेपतं का ते बघा.

पाचव्या ओळीत अंतरं. पिस्टनचा माथा ते हेड, स्टीलच्या रॉडला सुमारे १ मि.मी. पिस्टन ते इनटेक व्हॉल्व्ह निदान २ मि.मी., एक्झॉस्टला अडीच. पिस्टनचा स्कर्ट ते क्रँकची वजनं किंवा फ्लायव्हील, निदान दीड मि.मी. रॉड ते सिलिंडरची खालची कड आणि क्रँककेस, तेवढंच. रॉडचे बोल्ट ते कॅमशाफ्ट, जिथे तो जवळून जात असेल तिथे. लहान मुलांची खेळायची माती लावा, क्रँक दोन पूर्ण फेरे हाताने फिरवा, माती कापून व्हर्नियरने जाडी मोजा. कागद जातो का हे माप नव्हे.

सहावी ओळ बॅलन्सची. क्रँकपिन सरकली, पिस्टन किंवा रॉडचं वजन बदललं, की क्रँकचा जुना बॅलन्स गेला. एका सिलिंडरच्या इंजिनात ते हँडलवर आणि फूटरेस्टवर लगेच कळतं.

आणि सातवी ओळ यंत्राची नाही, कायद्याची. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आर.सी. मध्ये नोंदलेला तपशील आणि कंपनीने ठरवलेला मूळ तपशील यांच्यात फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. सीसी आर.सी. वर छापलेले असतात. उद्या अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूस हाच कागद पुढे करील. स्पर्धेच्या बंद मैदानावरची गाडी वेगळी, हैदराबाद ते बेळगाव रस्ता वेगळा.

पुतण्याने काय केलं

मी त्याला हे पान भरायला लावलं. त्याला दोन रविवार लागले. पहिल्या ओळीत त्याने लिहिलं होतं, "हायवे, आई मागे बसणार." दुसऱ्या रविवारी त्याने स्वतःच स्ट्रोकची ओळ खोडली आणि ९६ च्या जागी ९० लिहिलं. बोअर घासून पुढच्या मापाचा पिस्टन घेतला, बिग एंडचं चांगलं बेअरिंग घेतलं, रॉड मूळ मापाचा, पण सरळ आहे का ते तपासून. उरलेले पैसे ब्रेकवर घातले. मला त्याचा अभिमान वाटला, हे त्याला अजून सांगितलेलं नाही. इथे सांगतो.

गाडी जोडायच्या दिवशी मी व्हिडिओ कॉलवर होतो. तिथल्या मेकॅनिकने क्रँक हाताने फिरवली आणि म्हणाला, जरा थांबा, एका जागी जड वाटतेय. पुतण्या म्हणाला, "चालेल हो, फिरतेय ना." मी इकडून ओरडलो, "उघड!" उघडलं. पिनची सर्कलिप खाचेत नीट बसली नव्हती. तशीच चालवली असती तर सिलिंडर चिरला असता, किंवा त्याहून वाईट.

हाताखालचा माणूस "साहेब, कमी वाटतंय" म्हणाला, की तिथे थांबायचं. हुद्दा कोणाचाही असो. बेळगावच्या त्या फिटरना हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं.

भाऊ आता साठीच्या जवळ आला. पावसाळ्यात खांदा दुखतो म्हणतो आणि माझ्याकडे बघून हसतो. गेल्या दिवाळीला पुतण्या तीच बुलेट घेऊन बेळगावला आला, आईला मागे बसवून. भावाने गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "स्ट्रोक किती?"

"नव्वद, बाबा."

"मग मी चालवतो," म्हणाला आणि किक मारली.

पुढच्या भागात एका सिलिंडरच्या इंजिनाचा बॅलन्स घेऊ. वही आणि व्हर्नियर जवळ ठेवा.

जय हिंद.